जुना इंडस्ट्रियल कॉम्प्युटर बोर्ड बंद पडलाय? शोध कुठून सुरू करायचा

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मशीनचा कंट्रोल बोर्ड बंद पडला की पहिला संशय जातो सगळ्यात मोठ्या आयसीवर, म्हणजे प्रोसेसरवर, आणि इथेच वेळ वाया जातो. झेड-८० किंवा ८०८५ सारखे प्रोसेसर सहसा असे जात नाहीत, घोळ असतो तो सप्लाय, बॅटरी आणि सॉकेटमध्ये.

पण सोल्डरिंगला हात लावायच्या आधी एक काम कराच. बोर्डावर खिडकीवाले ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारे, वर काचेची खिडकी असलेले आयसी) असतील तर ते रीडरवर वाचून फाइल सेव्ह करून ठेवा, प्रत्येक दोनतीनदा वाचा, चेकसम (सगळ्या डेटाची बेरीज) दरवेळी तोच यायला हवा, वेगळा आला तर ईप्रॉम कमजोर झालाय किंवा पाय नीट टेकत नाहीयेत. खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच दुसरं लावा, उजेडाने आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. बोर्ड एखादवेळी दुसरा मिळेल, त्या मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम नाही मिळणार. तसंच बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये मशीनचे पॅरामीटर असतात, बॅटरी काढली की ते गेले, म्हणून मशीन थोडंफार जरी चालू होत असेल तर आधी स्क्रीनवरचे सगळे आकडे लिहून घ्या.

आता बोर्ड उजेडात धरून बघा. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असेल तर आजूबाजूचे ट्रॅक हिरवट-काळे दिसतील. गळालेला पदार्थ अल्कली असतो, त्यामुळे बॅटरी काढून ती जागा व्हिनेगर लावून ब्रशने घासायची, मग साध्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. नंतर तिथला एकेक ट्रॅक मल्टीमीटरच्या बीपवर तपासा, कारण हिरव्या कोटिंगच्या खाली ट्रॅक खाल्ला गेलेला असतो आणि वरून धड दिसतो.

मग सप्लाय, आणि तोही बोर्डपासून सोडवून. बिघडलेल्या सप्लायने जास्त व्होल्टेज दिलं तर चांगला बोर्ड एका क्षणात जातो. बरेच जुने एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) लोड नसताना नीट चालत नाहीत, तेव्हा ५ व्होल्टवर १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर लावून मोजा. आणि हे गांभीर्याने घ्या, २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, तो बंद केल्यावरही राहू शकतो, सवय नसेल तर झाकण उघडू नका.

बोर्ड जोडल्यावर ५ व्होल्ट सप्लायच्या टर्मिनलवर नाही, आयसीच्या पायांवर मोजा, टीटीएलला (५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक आयसींना) ४.७५ ते ५.२५ लागतात आणि काळ्या पडलेल्या कनेक्टरमध्ये बरंच व्होल्टेज पडून जातं. ४११६ रॅम असेल तर १२ आणि उणे ५ सुद्धा बघा, उणे ५ नसताना बाकीचे दिले तर त्या रॅम जळतात. सप्लाय शॉर्ट दिसला तर थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर आधी धरा, ते शॉर्ट होण्यासाठी बदनामच आहेत.

सॉकेटमधले आयसी पॉवर बंद करून, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून, दोन्ही टोकांनी थोडे थोडे उचलून परत बसवा. मी एका बोर्डावर दोन दिवस रॅम शोधत होतो आणि निघाला ईप्रॉमचा एक काळा पडलेला पाय, तेव्हापासून हे कधीच टाळत नाही.

एवढं झाल्यावर स्कोप (सिग्नलची वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) घ्या. झेड-८० ला ११ नंबर पिन ५ व्होल्ट, २९ ग्राउंड, ६ क्लॉक, २६ रीसेट. पॉवर दिल्यावर रीसेट थोडा वेळ लो राहून हाय व्हायला पाहिजे. कायम लो असेल तर रीसेट सर्किट बघा. पण ठरावीक अंतराने परत परत लो होत असेल तर ते वॉचडॉगचं (प्रोग्रॅम अडकला की रीसेट देणाऱ्या सर्किटचं) काम असू शकतं, म्हणजे प्रोसेसर धावतोय पण प्रोग्रॅम भरकटतोय, मग ईप्रॉम, रॅम आणि अ‍ॅड्रेस डिकोडर (कुठला पत्ता कुठल्या आयसीचा हे ठरवणारा आयसी) संशयित.

बसवर, म्हणजे आयसींना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइन्सवर, टीटीएलला ०.८ व्होल्टच्या खाली लो, २ च्या वर हाय. मध्येच दीडच्या आसपास अडकलेली लाइन म्हणजे दोन आयसी एकमेकांशी भांडताहेत, नाहीतर लाइन कुठेतरी तुटलीय. प्रोसेसरची खात्री करायची तर तो बोर्डावरून काढून, बोर्ड आणि त्याच्या मध्ये एक जादा सॉकेट घालून बसवा, प्रोसेसरच्या आठही डेटा पिन बोर्डपासून तोडून १ किलोओहमने ग्राउंडला बांधा. त्याला सतत ०० म्हणजे एनओपी, काहीच न करण्याची सूचना, दिसेल आणि अ‍ॅड्रेस ओळीने मोजत जाईल. रॅम ताजी ठेवायला झेड-८० पाठवतो ते रिफ्रेशचे पत्ते मध्ये मिसळतात म्हणून वेव्ह स्वच्छ दिसणार नाही, पण एखादी लाइन हललीच नाही तर फॉल्ट तिथे.

खराब आयसी उपटायचा नाही, पाय कापून एकेक पाय वेगळा काढायचा, जुन्या बोर्डाचे पॅड लगेच उचकटतात. नवीन आयसी सॉकेटमध्ये लावा. आणि पहिल्यांदा चालू करताना आउटपुटचा कनेक्टर काढून ठेवा, रिले आणि ऑप्टोकप्लरपर्यंत (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणाऱ्या आयसीपर्यंत) सिग्नल बरोबर जाताहेत हे बघितल्याशिवाय मोटर आणि व्हॉल्व्ह जोडायचे नाहीत.