बालवाडीत बिया शिकवताना, नवीन ताईंसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्या ताई नव्यानेच बालवाडीत नाहीतर अंगणवाडीत लागल्यात त्यांच्यासाठी लिहितेय, कारण झाडं आणि बिया हा विषय आला की बहुतेक जणी चार्ट लावतात, मूळ-खोड-पान-फूल म्हणून घेतात आणि झाला विषय. तीन ते सहा वर्षांचं पोर चार्टवरून झाड शिकत नाही हो, त्याच्या हातात बी द्या.

सुरुवात हरभऱ्याने करा. रात्री भिजत घाला, सकाळी प्रत्येकाला दोन-दोन दाणे द्या, टरफल त्यांचं त्यांनाच सोलू द्या. नखाने हळूच उघडलं की दोन डाळी सुट्या होतात आणि टोकाशी इवलासा कोंब दिसतो. लगेच समजवायला जाऊ नका, थोडं थांबा, मुलं आपणहून बोलतात. मग भिजलेली ज्वारी द्या, तिच्या काही केल्या दोन डाळी होत नाहीत. एकदल-द्विदल हे शब्द या वयात नकोतच, फरक बोटांना कळला म्हणजे बस.

उगवायला मूग सगळ्यात चांगला, दोन-तीन दिवसांत कोंब येतो आणि या वयाला धीर तेवढाच असतो. पारदर्शक ग्लास घ्यायचा, आत ओला कापूस, आणि मूग काच न् कापूस यांच्या मधे, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. आपल्याकडे घरोघरी कापूस, म्हणून तोच आणाल तर तो पाणी धरत नाही, कच्च्या कापसावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे मेडिकलवरचा घ्या. पाणी चमच्यानेच घालू द्या, ग्लासभर ओतलं की मूग सडतो. मूळ जरा लांबलं की ग्लास आडवा ठेवा, एक-दोन दिवसांत मूळ खाली आणि शेंडा वर वळलेला दिसतो, मोठ्या गटाची पोरं तर यावर बोलून थकत नाहीत. आणि एखादं अहिराणीत "ताई, मना मूग उगना!" म्हणत आलं तर आधी तिकडे जाऊन बघा, भाषा सुधारायची घाई नको.

मातीत लावलं की मुलं रोज उकरून बघणार, बघू द्या, तेच तर शिकणं आहे. मी दोन कुंड्या ठेवते, एक उकरायची आणि एक हात न लावायची, मग काही दिवसांनी कोणतीत रोप मोठं झालं ते मुलंच सांगतात.

घरचा कापूस मात्र वाया जात नाही, त्यातली सरकी बोटांनी काढायला द्या, लिहायच्या आधी बोटांना असं काम पाहिजेच. पण पेरणीच्या पाकिटातलं बियाणं वर्गात अजिबात नको! त्याला जो लाल-निळा रंग असतो ना, त्या थरात विषारी औषध असतं, आणि शेतकऱ्याच्या घरचं लेकरू रंग आवडला म्हणून खिशात घालून आणू शकतं, म्हणून पालकांना जूनमध्येच सांगून ठेवा. एरंडी, गुंज, धोतरा हे पण विषारी, दिसायला कितीही छान असले तरी नको. बारीक दाणे नाका-कानात जातात म्हणून मोजून द्या, मोजून परत घ्या, हात धुवून घ्या. याबाबतीत मी फार कडक आहे.

हे सगळं पावसाळ्यात करा, एप्रिलच्या उन्हात आपल्याकडे माती दुपारपर्यंत कोरडी होते आणि कोवळं रोप टिकत नाही.

रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातलं एखादं पोर विचारेलच की केळीचं बी कुठंय. केळं कापून आतले काळे ठिपके दाखवा, ते न वाढलेलं बी आहे, त्यातून झाड येत नाही, केळी लावतात मुनव्यापासून, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लापासून. बागेतला मुनवा मिळाला तर आणून दाखवा, नाहीतर डोळे फुटलेला बटाटा कापून डोळ्यासकट तुकडा मातीत लावा, बी नसताना पण झाड येतं हे त्यांना त्यातूनही दिसतं.