मुरुमांवरचे जेल वापरताना या चुका टाळा

डॉक्टरांनी ॲडापॅलिन ०.१ टक्का असे लिहिलेले पंधरा ग्रॅमचे जेल मला पहिल्यांदा दिले, तेव्हा मी भुसावळला नोकरीला होते आणि माझे वय सव्वीस होते. मुरूम हा दहावी-बारावीच्या मुलामुलींचा त्रास असतो या समजुतीमुळे आधीची तीन वर्षे मी घरगुती उपायांत घालवली होती. त्या वाया गेलेल्या वेळेची भरपाई करायची म्हणून की काय, महिना-सव्वा महिना सहज पुरावी अशी ती ट्यूब मी नऊ दिवसांत संपवली. दहाव्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी वाळवणातल्या पापडाच्या कडांसारखी उचलली जाऊ लागली होती आणि मुरूम मात्र जिथल्या तिथे होते. पुढे घरातल्या दोन भाच्यांना आणि एका चुलतभावालाही अशीच जेल मिळाली, आणि तिघांनीही थोड्याफार फरकाने माझ्याच चुका केल्या.

पुळीवर ठिपका देणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातूनच निघतात. आपण बामाची किंवा मलमाची सवय असलेली माणसे आहोत, त्यामुळे जिथे दुखते तिथे औषध लावायचे हे आपल्या बोटांना आपोआप कळते. आरशात पुळी दिसली की तिच्यावर जेलचा ठिपका ठेवायचा, ती मोठी असेल तर ठिपकाही मोठा ठेवायचा आणि सकाळी उठून काय फरक पडला ते पाहायचे, असा माझा पहिल्या आठवड्याचा क्रम होता.

ॲडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड गटातली औषधे आहेत आणि त्यांचे काम वेगळ्या ठिकाणी चालते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून निघणारे तेल आणि तिथल्या झडणाऱ्या मृत पेशी एकमेकींना चिकटून त्या बारीक नळीचे तोंड बंद करतात. हा अडथळा इतका सूक्ष्म असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याचे फोडात रूपांतर व्हायला कित्येक आठवडे जातात. रेटिनॉइड त्या पेशींचे झडणे सुरळीत करते, म्हणजे आज लावलेले जेल पुढच्या महिन्यात येऊ घातलेला मुरूम थांबवत असते. आज वर आलेली पुळी तिच्या गतीनेच बसणार असते. म्हणून हे जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी अशा मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ पसरायचे असते, ज्या गालावर या आठवड्यात एकही पुळी नाही त्या गालावरसुद्धा. माझ्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले होते, असे त्यांनी दुसऱ्या भेटीत मला सांगितले, आणि ते खरेच असावे, कारण पहिल्या भेटीत माझे सारे लक्ष ट्यूबच्या किमतीकडे होते.

संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याच्या एका दाण्याएवढे जेल पुरते. ते बोटावर घेऊन चेहऱ्यावर चार-पाच ठिकाणी टेकवावे आणि मग पसरावे. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा सोडून द्याव्यात, कारण तिथली कातडी पातळ असते आणि पहिली आग तिथेच होते. जास्त लावल्याने औषध लवकर काम करत नाही, केवळ जळजळ वाढते.

ओल्या चेहऱ्यावर, आणि पहिल्याच दिवसापासून रोज

तोंड धुतल्या धुतल्या जेल लावले की ते ओलसर त्वचेत अधिक मुरते आणि अधिक चुरचुरते. सौम्य फेसवॉशने तोंड धुवून, टॉवेलने न घासता टिपून, पंधरा-वीस मिनिटे थांबावे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्याने साबणाचा फेस नीट निघत नाही आणि त्वचा आधीच ताणल्यासारखी होते, त्यामुळे मी अंगाचा साबण चेहऱ्याला लावणे कायमचे सोडले.

सुरुवात एक दिवसाआड करावी. माझ्या धाकट्या भाचीची त्वचा फार नाजूक आहे, म्हणून तिला डॉक्टरांनी आधी मॉइश्चरायझर, मग जेल आणि त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर असे लावायला सांगितले आणि पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनच रात्री ठेवल्या. तिला जेल जवळजवळ काहीच त्रास न देता सोसले, तर मला सुरुवातीच्या आततायीपणामुळे दोनदा बंद करून पुन्हा सुरू करावे लागले. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येकाने विचारला आहे. त्वचेतून निघणारे तेल आणि त्वचेतला ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेटिनॉइडने कमी होतो तो ओलावा.

आखाजीच्या तोंडावर सुरुवात करणे

खान्देशात हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लग्नसराई आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, माहेरी जायचे ठरले किंवा घरात हळद ठरली, की मार्च-एप्रिलमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे रांग लागते. त्या वेळी जेल सुरू केले तर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. औषधाचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी चेहरा सुधारलेला नसतोच, उलट पहिल्या दोन-चार आठवड्यांत काही जणांचे मुरूम थोडे वाढतात आणि कातडी सुटते. शिवाय याच महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांकडे निघालेला असतो, आणि रेटिनॉइड वापरणाऱ्या त्वचेला ऊन नेहमीपेक्षा लवकर लागते. अशा चेहऱ्याने मांडवात गेल्यावर भेटणारी प्रत्येक आत्या, मावशी ‘काय व, तोंडले काय व्हयनं?’ असे विचारते आणि मुलगी घरी येऊन ट्यूब फेकून देते. आखाजीला चेहरा नितळ हवा असेल तर सुरुवात जानेवारीत करावी. थंडीत कोरडेपणा जरा जास्त जाणवतो, पण तो मॉइश्चरायझरने आवरता येतो.

हळद लागायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे. हळदीत बेसन किंवा चंदन मिसळून ते चेहऱ्यावर घासून काढले जाते, आणि जेल चालू असलेल्या त्वचेला ते घासणे झेपत नाही. वॅक्सिंगचेही तसेच आहे, काही दिवस आधीपासून त्या भागावर जेल बंद न ठेवल्यास केसांबरोबर वरची कातडीही निघते.

उन्हाळ्यात जेल चालू असेल तर ते रात्रीच लावावे आणि दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले, तेलकट नसलेले सनस्क्रीन लावावे, दुपारी बाहेर राहावे लागल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. आपल्याकडे गाडीवरून जाताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तोच स्कार्फ आठवडाभर घामाने भिजत आणि वाळत राहिला तर त्याच्या घर्षणाने हनुवटीवर आणि जबड्यावर नव्या पुळ्या येतात. सुती स्कार्फ घ्यावा आणि रोज धुवावा. शेतात कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत काम करायला जाणाऱ्यांनी डोक्याला बांधायच्या फडक्याचेही असेच करावे.

उष्णतेचा परिणाम ट्यूबवरही होतो. बहुतेक जेलच्या वेष्टनावर ती तीस अंशांखाली ठेवावी असे छापलेले असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असते. माझ्या चुलतभावाची ट्यूब डिकीत पंधरा दिवस राहिली आणि मग दाबल्यावर आधी पाणी आणि नंतर गोळा बाहेर आला. तसे झाले तर ती वापरू नये. फ्रिजमध्ये ठेवलेली चालेल का, हे त्या त्या औषधाप्रमाणे बदलते, म्हणून केमिस्टला विचारावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कोणतीच ठेवू नये.

‘तेच आहे, घ्या’

डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी नसली की काउंटरवरून दुसरी ट्यूब पुढे येते. एका दुकानात मला ॲडापॅलिनऐवजी ॲडापॅलिन आणि क्लिंडामायसिन एकत्र असलेले जेल ‘तेच आहे’ म्हणून मिळाले होते, आणि मी घरी येऊन बारीक अक्षरे वाचली म्हणूनच ते कळले. ब्रँडच्या नावाकडे न पाहता घटक आणि त्यांचे प्रमाण चिठ्ठीशी ताडून पाहावे. ॲडापॅलिनचे ०.१ टक्का आणि ट्रेटिनॉइनचे ०.१ टक्का यांत फार अंतर आहे, कारण ट्रेटिनॉइनची सुरुवात बहुधा ०.०२५ टक्क्याने करतात. अमेरिकेत ॲडापॅलिन ०.१ टक्का २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि तिकडचे व्हिडिओ पाहून इथली मुले ते परस्पर मागायला जातात. आपल्याकडे मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आहे. ते एकटेच महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचेवरचे जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते सहसा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइडच्या जोडीने आणि मर्यादित काळासाठीच देतात. बेंझॉइल पेरॉक्साइडला जंतू असे सरावत नाहीत, पण ते कापडाचा रंग उडवते. मोठ्या भाचीच्या आईने नव्या निळ्या उशीवर पडलेल्या पांढऱ्या डागांबद्दल पावडरला, डिटर्जंटला आणि कामवाल्या मावशींना दोष देऊन झाल्यावर कुठे खरा गुन्हेगार सापडला. पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरावा, आणि जेल वाळल्याशिवाय ओढणी गळ्यात घेऊ नये. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन ही दोन्ही दिली असतील तर एक सकाळी आणि एक रात्री लावावे, कारण साध्या ट्रेटिनॉइनचा परिणाम पेरॉक्साइडबरोबर कमी होतो. ॲडापॅलिनला ती अडचण नाही.

याहून गंभीर अशी एक चूक आहे. जेलने चेहरा लाल झाला म्हणून शेजारणीने दिलेली, ‘गोरे करणारी’ क्रीम लावणे. अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो आणि सोडल्यावर दुप्पट मुरूम येतात. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणली, तरीही ती लग्नघरात हातोहात फिरतात. आधी अशी क्रीम वापरली असेल तर लाजू नये, डॉक्टरांना तिचे वेष्टन दाखवावे, कारण त्यावर उपचाराची सगळी दिशा बदलते.

जळजळ, वाढलेले मुरूम आणि ॲलर्जी यांतला फरक

पहिल्या दोन आठवड्यांत थोडी लाली, कोरडेपणा आणि लावल्यावर काही मिनिटे चुरचुर होणे अपेक्षित आहे. नेहमी मुरूम येतात त्याच जागी बारीक पुळ्या वाढल्या, तर धीर धरून चालू ठेवता येते. साधे पाणी किंवा मॉइश्चरायझर लावल्यावरही आग होऊ लागली, तर दोन-तीन रात्री जेल बंद ठेवून एक दिवसाआड पुन्हा सुरू करावे. पापण्या सुजणे, पाणी भरलेले फोड येणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे असे काही झाले तर मात्र चेहरा धुऊन टाकावा आणि लगेच दवाखाना गाठावा, ‘उद्या पाहू’ म्हणू नये.

या काळात लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, मुलतानी मातीचे घासणे आणि दाणेदार स्क्रब बंद म्हणजे बंद.

तीन महिने होऊनही गुण येत नाही

तेव्हा जेलला दोष देण्यापूर्वी निदान तपासून घ्यावे. कपाळावर आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर त्या बुरशीच्या असू शकतात आणि घामाच्या दिवसांत त्या वाढतात, त्यांना वेगळे औषध लागते. फक्त केसांच्या रेषेलगत पुळ्या असतील तर डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळते का ते पाहावे. मोठ्या भाचीचे निम्मे मुरूम रात्री तेल लावून झोपणे थांबवल्यावर गेले. पाळी अनियमित असेल आणि हनुवटी-जबड्यावर खोल, दुखणारे फोड येत असतील, तर पीसीओएसची (संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याच्या आजाराची) तपासणी आणि पोटातून घ्यायची औषधे यांबद्दल विचारावे, नुसत्या जेलवर विसंबू नये. मूल होऊ देण्याचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील, तर रेटिनॉइडचे जेल थांबवून डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे. नव्या सुनेला हे सासरच्या कुणासमोर सांगणे अवघड जाते, म्हणून डॉक्टरांनी एकटीने बोलायला वेळ द्यावा असे मला वाटते.

मुरूम गेल्यावर उरणारे काळे डाग जायला आणखी काही महिने लागतात, आणि खड्डे या जेलने भरत नाहीत. चेहरा स्वच्छ झाला म्हणून त्याच आठवड्यात ट्यूब बंद केली, तर दिसत नसलेले अडथळे पुन्हा साचू लागतात, त्यामुळे किती रात्री लावायचे आणि कधी कमी करायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पुढच्या भेटीला जाताना वापरात असलेली ट्यूब पिशवीत टाकून न्यावी. ती किती चेपली आहे हे पाहून आमच्या डॉक्टरांना, आपण काही बोलण्याआधीच, काय चुकते आहे ते कळते.