रूट केलेल्या फोनवर अपडेट आलं तर

मॅजिस्क या ॲपने रूट केलेला, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला, गूगलचा पिक्सेल फोन असेल, तर आधी सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स’ बंद करा. नाहीतर फोन न विचारताच अपडेट बसवायला घेतो, आणि ते बसलंच तर रूट गायब.

अधिकृत अपडेट बसण्याआधी विभाजनं (फोनच्या स्टोरेजमधले सिस्टिमचे वेगवेगळे भाग) मूळ स्थितीत आहेत का, हे तपासतं. रूट करताना बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, बदललेली असते, म्हणून ते अडकतं. त्यासाठी मॅजिस्कमध्ये ‘अनइन्स्टॉल’ दाबून ‘रिस्टोअर इमेजेस’ निवडा. नाव ऐकून धडकी भरते, पण रूट लगेच जात नाही. फक्त इथे फोन रीस्टार्ट करू नका. आता सेटिंग्जमधून अपडेट घ्या. अशा फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा, म्हणजे स्लॉट, असतात; अपडेट त्यातल्या वापरात नसलेल्या स्लॉटवर बसतं. मोठं असेल तर चहा होऊन जातो. शेवटी ‘रीस्टार्ट नाऊ’ येईल. खरी चूक इथेच होते, सवयीने बोट तिकडे जातं! आधी मॅजिस्कमध्ये ‘इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट’ करा आणि तिथूनच रीबूट द्या.

मॉड्यूल्स (मॅजिस्कमध्ये टाकलेल्या जोडण्या) आधीच बंद ठेवलेली बरी. नव्या अँड्रॉइडवर एखादं जुनं मॉड्यूल फोन लोगोवरच अडकवतं. बॅकअप अर्थातच आधी. एकच स्लॉट असलेल्या फोनवर ही युक्ती चालत नाही.