लिथियमवरच्या रुग्णाची शुश्रूषा : पाणी, मीठ आणि हाताचा कंप

बायपोलर आजारात (मन कधी अति उत्तेजित, कधी फार उदास होण्याचा मानसिक आजार) लिथियमइतकं भरवशाचं औषध क्वचितच सापडतं. पण गुण देणारी पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडं असतं. नियमित उपचारात रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. १.५ च्या वर गेलं की धोका सुरू होतो. हे अंतर राखण्याचं बरंचसं काम नर्सच्या हातात असतं.

आधी रक्ताचा नमुना. तो शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचा. रात्री नऊला गोळी दिली असेल तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त घेतल्यावरच. गोळी आधी दिली गेली तर पातळी खोटी जास्त येते आणि डॉक्टर डोस विनाकारण कमी करतात. दुसरी चूक बल्बची, म्हणजे रक्त गोळा करायच्या नळीची. हिरव्या टोपणाच्या बल्बमध्ये बहुधा लिथियम हेपारिन (रक्त गोठू न देणारं, लिथियम असलेलं द्रव्य) असतं. त्यात नमुना घेतला तर बल्बमधलंच लिथियम मोजलं जातं. प्लेन, म्हणजे असं द्रव्य नसलेला बल्ब वापरा. पहिली तपासणी औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम सुरुवातीला आणि पुढे दर सहा महिन्यांनी बघतात.

मॅनियातल्या (अति उत्तेजित अवस्थेतल्या) रुग्णाने गोळी गिळली का, हे तोंड उघडायला लावून बघा. जिभेखाली, गालात ठेवून नंतर थुंकणं नेहमीचं आहे. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून देऊ नका. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणून जुलाब, उलट्या, ताप, उन्हातलं शेतकाम, वारीची पायी चाल, निर्जळी एकादशी, रोजा, अळणी उपवास या सगळ्यांत डोस तोच असूनही पातळी चढते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि रोजच्याइतकंच मीठ हवं. मीठ एकदम वाढवलं तर पातळी उतरते आणि आजार उलटू शकतो. उपवासाचं सैंधव चालतं, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मात्र बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. उपवास करणार का, हा प्रश्न आपणच विचारायचा. 'देवाचं' म्हणून नातेवाईक आपणहून सांगत नाहीत, आणि त्यावरून त्यांना रागावू नये. उपवास कसा करता येईल ते डॉक्टरांशी आधी ठरवून द्यावं.

पाठदुखीसाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन हेही पातळी वाढवतं. बीपीची थायझाइड, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधंसुद्धा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं.

बोटांचा बारीक कंप, थोडी मळमळ, तहान, वारंवार लघवी हे नेहमीचे दुष्परिणाम. त्यांची नोंद करा, डॉक्टरांना सांगा. पण कंप जाड झाला, कपातला चहा सांडू लागला, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, गुंगी आली, उलट्या-जुलाब थांबेनात, तर पुढचा डोस रोखा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार) आणि ईसीजी तातडीने लागतात. आत-बाहेरचं द्रवमापन सुरू करा. सलाइन डॉक्टरांच्या आदेशाने. अॅक्टिव्हेटेड चारकोल (विषबाधेत पोटातलं विष शोषायला देतात तो कोळसा) लिथियमला धरत नाही. विषबाधा तीव्र असेल तर डायलिसिस लागतं. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या रुग्णात रिपोर्ट १.५ च्या खाली असूनही विषबाधा असू शकते, म्हणून रिपोर्टच्या आकड्यावर विसंबून लक्षणं सोडून देऊ नका.

डिस्चार्जच्या वेळी ही लक्षणं आणि टाळायच्या गोळ्यांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या. बाईला मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायला सांगा. मनाने गोळी एकदम बंद केली तर आजार पुन्हा उसळतो.