व्हिक्टोरियन जनगणनेत पूर्वज शोधायचेत? एका नावामागे धावू नका, अख्खं घर वाचा

इंग्लंड-वेल्समधलं कुटुंब शोधताना १९११ किंवा १९०१ पासून सुरू करा आणि दहा-दहा वर्षं मागे जा. थेट १८४१ ला हात घालू नका, कारण त्यात नातं लिहिलेलंच नाही, १५ च्या वरची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणलीत (३९ चा माणूस ३५ चा दिसतो) आणि जन्म त्याच काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) का एवढंच कळतं.

खरी मजा १८५१ पासून. घरप्रमुखाशी नातं, लग्न, वय, धंदा आणि जन्माचं पॅरिश (चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वस्ती), सगळं आहे. माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना जन्मगावाचा. मुलांची जन्मगावं ओळीने वाचा, थोरला एका गावचा, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, म्हणजे कुटुंब कधी कुठे हललं ते समोरच येतं, आणि आईबापांच्या लग्नाची नोंद थोरल्याच्या गावाच्या आसपास आधी शोधायची. घरात सासू राहत असेल तर तिचं आडनाव लगेच टिपा, बहुतेकदा तेच बायकोचं माहेरचं आडनाव निघतं!

बाप यादीत नाही म्हणून तो वारला असं धरू नका हं. जनगणनेच्या रात्री जो घरात होता तोच मोजला जायचा, खलाशी, नोकर वगैरे दुसरीकडे सापडतात. बायकोपुढे विवाहित लिहिलंय की विधवा ते बघा.

आडनाव सापडत नसेल तर ते गाळूनच टाका, नाव, अंदाजे वय, जन्मगाव एवढ्यावर सर्च करा, किंवा घरातल्या एखाद्या वेगळ्या नावाच्या मुलाला शोधा. कारण ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा फॉर्म गणना करणारा ऐकून भरायचा, मग त्याच्या वहीत नक्कल, आणि आता इंडेक्स करणाऱ्याचं वाचन, स्पेलिंग कुठेही बिघडू शकतं. म्हणून मूळ पानाची इमेज बघाच, शेजारची घरंपण, नातेवाईक बऱ्याचदा तिथेच असतात. नावांजवळ दोन तिरप्या रेघा म्हणजे घर संपलं, एक म्हणजे त्याच घरातलं एक बिऱ्हाड संपलं.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर १८८१ ची पूर्ण यादी फुकट आहे. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी वेबसाइट. आयर्लंडच्या १८६१ ते १८९१ च्या नोंदी मात्र नष्ट झाल्यात, तिथे चर्चच्या नोंदींकडे वळा.

आणि एकाच नावाची दोन माणसं निघाली तर जीआरओच्या (इंग्लंड-वेल्सचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय) ऑनलाइन जन्म इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव मिळतं, ते सासूच्या आडनावाशी जुळवून बघा.