पूर ओसरल्यावर मंडळीने शेजारी कसे जावे

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 आहे. असा पूर ओसरला की मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, बहुतेकांना आधी धीराचे चार शब्द सांगावेसे वाटतात. ते राहू द्या. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आशा शेवटी येते. आधी संकट, मग धीर, मग शील. म्हणून सुरुवात खोऱ्या-घमेल्याने करा.

उपासनेनंतर पाच-सहा जणांच्या टोळ्या पाडा आणि प्रत्येक टोळीत निदान दोन बायका ठेवा. नाहीतर घरातली बाई आतल्या खोलीत कुणाला येऊ देत नाही. पहिली घरे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि भाडेकरूंची घ्या, मग ती कोणत्याही धर्माची असोत. निघताना प्रार्थना आपल्या आवारातच करा. दारात करायची असेल तर विचारून आणि काम झाल्यावर. हातात फावडे असताना विचारलेल्या प्रार्थनेला समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. गमबूट हवेतच, कारण गाळात साप असतात, काचा असतात आणि लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचे, जंतूही असतात. पायाला जखम असलेल्याला गाळात उतरवू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी घ्या. लेप्टोच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तरच. काहीही बाहेर फेकण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. ते घरमालकाच्याच मोबाइलवर राहू देत. आपल्या सेवेचे फोटो कशाला? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, एवढे पुरे.

गाळ ओला असतानाच ओढा. उन्हाने तडकला की तिप्पट कष्ट पडतात. भिंती वरून खाली धुवा. भिजलेले धान्य आणि गाद्या वाचवायचा मोह टाळा. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

सगळ्यात जास्त चुका विहिरीचे पाणी निर्जंतुक करताना होतात. आधी गढूळ पाणी आणि गाळ उपसा. नवे पाणी भरले की व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग 785 ने गुणा, लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते, पुरानंतर दुप्पट धरा. म्हणजे इथे सुमारे 140 ग्रॅम. बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळून दहा मिनिटे थांबा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होते. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का याची चाचणी, करा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा पुन्हा द्या. बहुतेक वेळा दोष उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा असतो. हवा लागली की तिचा क्लोरीन उडून जातो.

वापरलेले कपडे गोळा करू नका, त्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजतात. चटई, सॅनिटरी पॅड, नवे अंतर्वस्त्र, झाकणाची बादली असे विचारून द्या.

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि वर आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला. हे परत येणे बहुतेक मंडळ्या विसरतात. टोळीला एक वही द्या. घर, तारीख, काय राहिले ते लिहा आणि तिसऱ्या आठवड्यात, मग तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. तोवर मदतीचे ट्रक थांबलेले असतात, भिंतींना ओल असते आणि माणसे रडायला लागतात. तेव्हा उत्तर देऊ नका, बसा. चहा दिला तर घ्या. त्या घरच्यांची परवानगी असेल तर रविवारी त्यांची नावे घेऊन प्रार्थना करा आणि पुढच्या भेटीची तारीख वहीत घाला.