‘थीफ’मधील आवडत्या मिशनांची क्रमवारी : या चुका टाळा

अंधारात लपत चोरी करण्याच्या ‘थीफ’ या व्हिडिओ गेम मालिकेतील आपली आवडती मिशने कोणती, असा विषय निघाला की जो तो पाच-दहा नावे भराभर लिहून मोकळा होतो, आणि महिन्याभराने तीच यादी पुन्हा वाचली की तिच्यातील निम्मी नावे स्वतःलाच पटेनाशी होतात. आवड चंचल असते, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण माझ्या अनुभवात कारण वेगळे असते. आपण मिशनला क्रमांक देत आहोत असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात मात्र ते मिशन आपण किती उजेडात, कोणत्या काठिण्यपातळीवर, कोणत्या आवृत्तीत आणि कितव्यांदा खेळलो, यालाच क्रमांक देत असतो. यादी फसते ती बहुधा इथेच, आणि हे दोष बहुतांशी दुरुस्त करता येण्याजोगे आहेत.

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे यादीत नेमके काय धरायचे हे न ठरवणे. 1998 सालच्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’मध्ये प्रशिक्षणाचा भाग सोडला तर बारा मिशने होती. 1999 सालच्या ‘थीफ गोल्ड’मध्ये ‘थीव्ह्ज गिल्ड’, ‘द मेज टॉवर्स’ आणि ‘साँग ऑफ द कॅव्हर्न्स’ ही तीन वाढली आणि जुन्यांपैकी काहींतही भर पडली. त्यामुळे मूळ खेळ खेळलेला आणि ‘गोल्ड’ खेळलेला असे दोघे वाद घालू लागले, तर ते कधीकधी एकाच नावाच्या दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत असतात. 2000 सालच्या ‘थीफ 2 : द मेटल एज’मध्ये पंधरा मिशने आहेत. 2004 सालचा ‘डेडली शॅडोज’ लुकिंग ग्लास स्टुडिओज बंद पडल्यानंतर आयन स्टॉर्मने केला. त्याचे इंजिन वेगळे, आणि एकेक मिशन लोडिंगच्या धुक्याने दोन-तीन तुकड्यांत कापलेले. 2014 सालच्या खेळात तर वर चढण्यासाठीचा दोराचा बाण ठरावीक जागीच मारता येतो. या शेवटच्या खेळाला मी वेगळी यादी देतो, कारण जिथे वाट आधीच आखून दिलेली आहे तिथे मांडणीला गुण कशाचे द्यायचे, हे मला अजून उमगलेले नाही. चाहत्यांनी रचलेली मिशनेही अशीच बाजूला ठेवावीत. 2023 सालच्या ‘द ब्लॅक परेड’सारखी कामगिरी अधिकृत यादीत मिसळली की तुलना दोन्ही बाजूंनी अन्यायाची होते.

पडदा उजळ करून खेळणे

माझ्या मते सर्वांत जास्त याद्या या एका चुकीने बिघडलेल्या आहेत. खेळ काळोखाचा आहे, काही दिसत नाही, म्हणून खेळाडू गॅमा, म्हणजे पडद्याचा उजळपणा, वाढवतो, आणि कोपऱ्यातील दगडसुद्धा स्पष्ट दिसू लागला की त्याला बरे वाटते. पण आपण पहारेकऱ्यांना किती दिसतो हे सांगणारे जे प्रकाशरत्न पडद्याच्या तळाशी मधोमध असते, त्याचा तुमच्या पडद्याच्या उजळपणाशी काहीही संबंध नसतो. आपण ज्याच्या रूपात खेळतो तो चोर गॅरेट ज्या जागी उभा आहे तिथे खेळाच्या हिशेबाने किती प्रकाश पडतो, तो वाकला आहे की उभा आहे, त्याने तलवार उपसली आहे का, यावर ते रत्न उजळते किंवा विझते. गॅमा वाढवल्यावर रत्न होते तसेच राहते. बदलतो तो तुमचा डोळा. मग अगदी सुरक्षित अंधारही उजेडासारखा भासतो, खेळाडू सावलीची वाट सोडून रत्नाकडे पाहत चालू लागतो, आणि प्रकाश-अंधाराच्या पट्ट्यांनी रचलेले दालन त्याला नुसते मोकळे, कंटाळवाणे दालन वाटते.

मी स्वतः पहिल्या खेळातील ‘द स्वॉर्ड’ या मिशनला बरीच वर्षे खालचा क्रमांक देत होतो. कॉन्स्टंटाइनच्या हवेलीत वरच्या मजल्यांवर जाऊ लागले की भिंती तिरक्या होतात, खोल्यांची मापे पटेनाशी होतात, आणि गॅरेटच्या हातातील नकाशाही आपल्याला फारसे काही सांगू शकत नाही. पडदा उजळ असताना हे सगळे मला एखाद्या जत्रेतील आरसेमहालासारखे, म्हणजे थोडे हास्यास्पदच, दिसत होते. पुढे एकदा गॅमा खाली आणून तेच मिशन खेळलो, तेव्हा वाकड्या पॅसेजचे टोक अंधारात गडप झालेले होते आणि पुढचे पाऊल जमिनीवर पडेल की नाही हे कळत नव्हते. हवेली तीच होती, पण माझ्या यादीत ती अकराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेली.

उपाय सोपा आहे. रत्न पूर्ण काळे होईल अशा कोपऱ्यात उभे राहावे आणि समोरच्या भिंतीची कड जेमतेम ओळखू येईल, पण तिच्यावरील विटा मोजता येणार नाहीत, इतपत उजळपणा ठेवावा. एकदा ठरवला की पूर्ण यादी होईपर्यंत तो बदलू नये. खोलीतील दिवाही मालवावा, कारण पडद्यावर पडणारी बाहेरची तिरीप गॅमापेक्षाही वाईट असते.

आवाज बंद, किंवा नुसताच चालू

या मालिकेतील पहिल्या दोन खेळांत आवाज खोल्याखोल्यांतून वाट काढत येतो, बंद दारामागून तो दबून येतो, आणि पहारेकऱ्याची पावले डावीकडच्या जिन्यावर आहेत की उजवीकडच्या, हे कानाने ओळखता येते. ‘डाउन इन द बोनहोर्ड’बद्दल ‘नुसता भुलभुलय्या’ अशी तक्रार करणाऱ्यांना मी आधी आवाजाबद्दल विचारतो. तिथे जे चोरायचे असते त्या क्विंटसच्या शिंगाचा विचित्र सूर थडग्यांच्या बोगद्यांतून दुरूनच ऐकू येतो आणि त्या सुराच्या मागे मागे जाणे हीच तिथली खरी वाट आहे. ज्याने पार्श्वभूमीला स्वतःची गाणी लावून ते मिशन खेळले, त्याला भुलभुलय्याच मिळणार.

येथे तांत्रिक अडचणही असते. मूळ खेळांतील ध्वनिपरिणाम त्या काळच्या साउंड कार्डांवर विसंबून होते आणि विंडोज व्हिस्टापासून ती सोय मोडली. 2012 साली अज्ञात हातांनी प्रसृत झालेल्या ‘न्यूडार्क’ या अनधिकृत दुरुस्तीने ती ओपनएएल या ध्वनिप्रणालीमार्फत परत आणली, शिवाय अनेक कोअरच्या प्रोसेसरवर खेळ कोसळण्याची जुनी व्याधीही घालवली. पहिल्या खेळासाठी ‘टीफिक्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘टीटूफिक्स’ हे दुरुस्ती-संच बसवले की हे आपोआप होते. एक सावधगिरी मात्र बाळगावी : या संचांबरोबर भिंतींची आणि वस्तूंची नवी, अधिक तपशीलवार चित्रे ऐच्छिक म्हणून मिळतात, ती क्रमवारीपुरती घेऊ नयेत. एका मिशनला नवी चित्रे आणि दुसऱ्याला जुनी, असे झाले तर आपण रंगसफेदीला गुण देत बसतो. हेडफोन मात्र वापरावेत.

काठिण्यपातळीची सरमिसळ

मालिकेच्या पहिल्या दोन खेळांत नॉर्मल, हार्ड आणि एक्स्पर्ट या केवळ शत्रूंची ताकद वाढवणाऱ्या पायऱ्या नाहीत. पातळी चढवली की उद्दिष्टे वाढतात, चोरायच्या मालाची रक्कम वाढते, काम झाल्यावर सुखरूप बाहेर पडण्याची अट लागते, आणि एक्स्पर्टवर माणसांचा जीव घेण्यास सहसा मनाई असते. ‘लॉर्ड बॅफर्ड्स मॅनर’ नॉर्मलवर खेळणारा राजदंड उचलतो आणि निघतो. एक्स्पर्टवर खेळणाऱ्याला लुटीची रक्कम भरून काढण्यासाठी त्याच हवेलीच्या अशा खोल्यांत शिरावे लागते, ज्यांची दारेही पहिल्याने उघडलेली नसतात. तेव्हा पहिला ‘छोटे मिशन’ म्हणतो, दुसरा ‘ऐसपैस मिशन’ म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. आठवणीतील मिशन कोणत्या पातळीवर खेळलो होतो हे आठवत नसेल, तर त्याला क्रमांक न देता बाजूला ठेवावे आणि पुन्हा खेळावे. सगळी यादी एक्स्पर्टवरच करावी असा माझा आग्रह आहे, कारण मिशन रचणाऱ्याने घडवलेली जागा पूर्ण पाहावी लागते ती याच पातळीवर.

याच्याच पोटातील दुसरी चूक म्हणजे दर चार पावलांवर सेव्ह करणे. संगमरवरी फरशीवरून पहारेकऱ्याच्या पाठीमागे जाताना पावलांचा आवाज दाबणारा शेवाळाचा एक बाण खर्चावा की चालण्याचा वेग कमी करून धोका पत्करावा, हा निर्णय चुकला तर भोगावा लागतो, तेव्हाच त्या फरशीला अर्थ असतो. खोलीगणिक सेव्ह केले की संगमरवर, धातूची जाळी आणि गालिचा सगळे एकाच भावाने जातात. एका मिशनमध्ये तीन सेव्ह अशी मर्यादा घालून पाहावी. ‘फर्स्ट सिटी बँक अँड ट्रस्ट’ माझ्या यादीत वर आले ते याच मर्यादेमुळे.

अर्ध्या मिशनवरून पूर्ण मिशनचा निकाल

‘रिटर्न टू द कॅथीड्रल’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्वार्धात ओसाड कॅथीड्रलमध्ये शिरून ‘द आय’ ही वस्तू मिळवेपर्यंतचा भाग या मालिकेतील सर्वांत भयाण आणि सर्वांत घट्ट रचलेल्या भागांपैकी आहे. नंतर दारे बंद होतात, ब्रदर म्युरसचे भूत भेटते, आणि बाहेर पडण्याच्या बदल्यात ते एकामागून एक कामे सांगत सुटते. ज्याला शेवटची धावपळ आठवते तो या मिशनला शिव्या देतो, ज्याला पहिला तास आठवतो तो डोक्यावर घेतो. ‘लाइफ ऑफ द पार्टी’चे उलटे आहे : छपराछपरांवरून, वाटेतील खिडक्यांतून डोकावत जाण्याचा पूर्वार्ध सर्वांच्या लक्षात राहतो, आणि एंजलवॉचच्या मनोऱ्यातील मेजवानी अनेकांना धड आठवतही नाही. अशा मिशनांचे दोन्ही अर्ध स्वतंत्रपणे कागदावर लिहावेत आणि क्रमांक मात्र कमजोर अर्धाकडे पाहून द्यावा. हा नियम कठोर आहे, मान्य आहे. त्याने ‘लाइफ ऑफ द पार्टी’ माझ्या पहिल्या क्रमांकावरून खाली आले आणि मला दोन दिवस वाईट वाटले.

‘केसिंग द जॉइंट’ आणि ‘मास्क्स’ यांचे काय करायचे, हा प्रश्न नेहमी येतो. एकाच वाड्यात आधी कोणाला हात न लावता टेहळणी करून यायचे आणि नंतर त्याच वाड्यात चोरीला जायचे, अशी ती जोडी आहे. ‘मास्क्स’ला पुनरुक्तीबद्दल कमी गुण देणारे विसरतात की पहिल्या फेरीत पाहून ठेवलेले दार दुसऱ्या फेरीत हाताशी येते, तो आनंद दोन्ही मिशने मिळूनच उभा राहतो. त्यांना एकच क्रमांक द्यावा.

भुताखेतांची मिशने ‘चोरीची नाहीत’ म्हणून सरसकट खाली टाकणे हीही घाई आहे. झोंबी तलवारीने कायमचा मरत नाही, पवित्र पाण्याने भिजवलेले बाण मोजकेच असतात, म्हणून त्याच्या बाजूने दबकत निघून जाणेच शहाणपणाचे ठरते. लपण्याची गरज इथे कोणत्याही हवेलीपेक्षा जास्त आहे. उलट ‘थीफ 2’मध्ये विजेचे दिवे पाण्याच्या बाणाने विझत नाहीत, त्यामुळे ‘शिपिंग अँड रिसीव्हिंग’सारख्या निव्वळ चोरीच्या मिशनांत बाणाने सावली सहसा निर्माण करता येत नाही, आहे तीच शोधावी लागते. दोन्ही प्रकार तोलताना हा फरक लक्षात असू द्यावा.

राहिला ‘डेडली शॅडोज’मधील ‘रॉबिंग द क्रेडल’चा पेच. एकाच वेळी अनाथाश्रम आणि वेड्यांचे इस्पितळ असलेल्या त्या वास्तूचा पूर्वार्ध असा आहे की तिथे एकही शत्रू नाही. घाबरवतात ते फक्त आवाज, आणि खेळाडू अर्धा तास रिकाम्या खोल्यांपासून लपत राहतो. दुसऱ्यांदा खेळताना ही गोष्ट ठाऊक असते, मग तोच भाग सरळ चालत पार होतो आणि मिशन यादीत घसरते. इतर मिशनांना पुन्हा खेळून क्रमांक द्यावा असे मी वर म्हटले. या एकाला तो नियम लावू नये. पहिल्यांदा खेळतानाची टिपणे असतील तर त्यांवरून, नसतील तर शेजारी बसून पहिल्यांदाच खेळणाऱ्या कोणाला पाहून त्याचा क्रमांक ठरवावा. मी तसे केले, तेव्हा खेळणारा फ्यूज हातात घेऊन एका बंद दारापुढे सात मिनिटे नुसता उभा होता, आणि मीही त्याला दार उघड असे सांगू शकलो नाही.